सोलापुरात भाड्याने देण्यासाठी पहिले घर घेताना : बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पुणे, मुंबई किंवा हैदराबादेत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या अनेकांच्या मनात कधी ना कधी एक हिशेब घोळू लागतो. राहत्या शहरात दुसरे घर घेण्याची ऐपत नाही, परंतु त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशात सोलापुरात दोन बेडरूमचा फ्लॅट येतो. तो घ्यावा, भाड्याने द्यावा आणि पुढेमागे आपल्यालाच उपयोगी पडेल असा विचार होतो. मी स्वतः पुण्यात राहतो आणि माझा जुळे सोलापुरातील फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. तो घेण्यापूर्वी दोन व्यवहार मी अर्ध्यावर सोडले आणि त्यांपैकी एकात विसाराची, म्हणजे सौदा ठरवताना दिलेली आगाऊ रक्कम परत मिळायला सात महिने लागले. त्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. घराची किंमत सगळेच पाहतात, पण आपण रोज तिथे नसणार या गोष्टीलाही एक किंमत असते, आणि ती आधीच हिशेबात धरली तरच असा व्यवहार पुढे सुखाने चालतो.

आधी कागदावर हिशेब

फ्लॅट पाहायला निघण्यापूर्वी एक संध्याकाळ हिशेबाला द्यावी. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. प्रत्यक्ष भाव आणि भाडे भागागणिक बदलते. समजा, फ्लॅटची किंमत ३५ लाख रुपये ठरली. महापालिका हद्दीत मूळ ५ टक्के मुद्रांक शुल्क आणि स्थानिक संस्थेचा १ टक्का अधिभार मिळून ६ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार रुपये होतात. नोंदणी फी १ टक्का असली तरी तिची कमाल मर्यादा ३० हजार रुपये आहे. वकील, शोध अहवाल (मिळकतीच्या जुन्या नोंदींची तपासणी), जाहीर नोटीस, बँकेचे शुल्क, रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती यांसाठी दीड लाख धरले, तर घर हातात येईपर्यंत जवळपास ३९ लाख रुपये खर्च होतात. मालकी एकट्या स्त्रीच्या नावे असेल तर निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, हे कुटुंबात आधीच बोलून घ्यावे.

आता उत्पन्न पाहू. भाडे दरमहा १० हजार धरले आणि वर्षातून एक महिना घर रिकामे राहील असे मानले, तर हाती १ लाख १० हजार येतात. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च १८ हजार, मिळकत कर १० हजार, दुरुस्ती १० हजार आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा मोबदला व आपला प्रवास मिळून १२ हजार वजा केले की ६० हजार रुपये उरतात. गुंतवलेल्या ३९ लाखांवर हा परतावा दीड टक्क्याच्या आसपास पडतो, आणि बँकेतील मुदत ठेव याहून बरेच अधिक देते. कर्ज काढले तर चित्र आणखी कठीण होते. किमतीच्या ७० टक्के, म्हणजे साडेचोवीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे २१ हजार २६० रुपये बसतो. भाड्यातून महिन्याला निव्वळ ५ हजार उरणार असतील, तर उरलेले १६ हजार रुपये दरमहा आपल्या पगारातून भरावे लागतात.

हे आकडे पाहून विचार सोडून द्यावा असे मला म्हणायचे नाही. सोलापुरात आई-वडील आहेत, निवृत्तीनंतर परतायचे आहे किंवा दहा-पंधरा वर्षे पैसा अडकवून ठेवण्याची तयारी आहे, अशांसाठी हा निर्णय योग्य ठरू शकतो. मात्र ‘भाड्यातून हप्ता निघतो’ हे कोणी सांगितले, तर वरचा हिशेब त्या घराच्या आकड्यांनी पुन्हा मांडावा. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँका किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकतात, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्यात धरला जात नाही. माझा सल्ला असा की पहिल्या भाड्याच्या घरासाठी किमतीच्या निम्म्याहून अधिक कर्ज घेऊ नये आणि सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम वेगळी ठेवूनच व्यवहारात उतरावे.

भाडेकरू कोण असेल, त्यावरून भाग ठरवावा

सोलापूरचे तरुण शिक्षण आणि नोकरीसाठी पुण्याकडे जातात, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यामुळे येथे पुण्यासारखी भाडेकरूंची रांग लागत नाही, आणि म्हणूनच कोणाला घर द्यायचे ते आधी ठरवून मग भाग निवडावा.

बदलीवर येणारे बँक, विमा आणि शासकीय कर्मचारी यांची कुटुंबे सात रस्ता, रेल्वे लाईन्स, विजापूर रोड, सैफुल, आसरा चौक आणि जुळे सोलापूर या पट्ट्यात घर शोधतात. अशा भाडेकरूला शाळा, किराणा आणि रिक्षा जवळ लागते. तो दोन-तीन वर्षे टिकतो आणि घर नीट वापरतो. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी यांना सिव्हिलपासून चालत किंवा दुचाकीवर पाच-दहा मिनिटांत पोहोचता येईल असे घर हवे असते. अशोक चौकातील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या परिसरात विद्यार्थ्यांची मागणी असते, परंतु सुट्यांत घरे रिकामी होतात आणि झीज अधिक होते. पुणे रस्त्यावर केगाव येथे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे आणि त्याच्या पुढे मोहोळ तालुक्यात चिंचोळी एमआयडीसी आहे; म्हणून बाळे-केगावकडे स्वस्तात घर घेण्याचा मोह होतो. तेथे संध्याकाळी सातनंतर एकदा स्वतः जाऊन यावे आणि बस, दिवे, दुकाने पाहून मगच ठरवावे.

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसी आणि पूर्व भाग ही टॉवेल-चादरीच्या उद्योगाची वस्ती आहे. तेथील कामगार कुटुंबांना स्वतंत्र, साधी आणि कमी भाड्याची खोली परवडते. फ्लॅटचे भाडे आणि देखभाल खर्च त्यांना झेपत नाही. कुंभारी येथील रे नगर वसाहतीत असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा प्रकल्प हाती घेण्यात आला आणि त्यातील १५ हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले. कमी भाड्याच्या खोल्यांवर पैसे गुंतवणाऱ्याने ही घटना दुर्लक्षू नये, कारण आजवर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांपैकी काही आता स्वतःच्या घरात गेली आहेत. फताटेवाडीच्या १३२० मेगावॉटच्या एनटीपीसी प्रकल्पाचे नाव घेऊनही होटगी रस्त्यावर घरे विकली जातात. प्रकल्पाला स्वतःची वसाहत आहे, हे अशा वेळी लक्षात असावे.

होटगी रस्त्यावरील विमानतळाबाबत एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. उड्डाणमार्गात अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली, हे सोलापूरकरांना सांगायला नको. त्या परिसरातील इमारतींच्या उंचीवर बंधने असतात. म्हणून बहुमजली इमारतीत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेताना विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला आणि मंजूर मजल्यांची संख्या जुळते का, हे आवर्जून पाहावे.

पाणी

सोलापुरात घर भाड्याने जाते की नाही, हे बऱ्याच अंशी पाणी ठरवते. शहराला पाणी मुख्यतः उजनी धरणातून मिळते. ते काही प्रमाणात थेट जलवाहिनीने येते, काही भीमेच्या पात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत येऊन टाकळीहून उपसले जाते, तर काही पाणी हिप्परग्याच्या एकरुख तलावातून घेतले जाते. इतके स्रोत असूनही नळाला पाणी रोज येत नाही. ते काही दिवसांआड येते आणि भागाप्रमाणे वेळ बदलते. जलवाहिनी फुटली किंवा पंपाची वीज गेली की तो दिवसही पुढे जातो. पुण्या-मुंबईचा माणूस फ्लॅट पाहताना टाइल्स आणि मॉड्युलर किचन पाहतो, तर सोलापूरचा भाडेकरू पहिला प्रश्न विचारतो तो ‘पाणी किती दिवसांनी येतं आणि टाकी किती लिटरची आहे?’ हा.

म्हणून पाहणीच्या वेळी सोसायटीच्या सचिवाकडून किंवा शेजारच्या गृहिणीकडून काही गोष्टी नेमक्या विचाराव्यात. महापालिकेचे नळजोड अधिकृत आहे का आणि इमारतीतील फ्लॅटच्या मानाने ते पुरेसे आहे का? जमिनीखालच्या हौदाची क्षमता किती आहे? चार जणांचे कुटुंब दिवसाला पाचशे लिटर पाणी वापरते असे धरले आणि पाणी पाच दिवसांनी येणार असेल, तर एका फ्लॅटच्या वाट्याला अडीच हजार लिटर साठा हवा. बारा फ्लॅटच्या इमारतीला तीस हजार लिटर. एवढा हौद नसेल तर उरलेले पाणी बोअरचे किंवा टँकरचे असणार. बोअर मे महिन्यात चालते का, त्याचे पाणी किती जड आहे आणि गेल्या उन्हाळ्यात टँकरसाठी प्रत्येक फ्लॅटकडून किती वर्गणी घेतली, हे विचारले की खरी परिस्थिती कळते. वर्गणीच्या पावत्या पाहायला मिळाल्या तर त्या तोंडी उत्तरापेक्षा अधिक विश्वासार्ह असतात.

ही पाहणी एप्रिल किंवा मे महिन्यात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. सोलापूरचा पारा त्या दिवसांत चाळिशीच्या पुढे असतो, पाण्याची ओढ असते आणि घराचे खरे रूप दिसते. वरच्या मजल्यावरचा, पश्चिमेकडे भिंत असलेला फ्लॅट दुपारी चार वाजता पाहावा. हात लावल्यावर भिंत भाजत असेल, तर त्या घरात भाडेकरू एक उन्हाळा काढेल आणि जून महिन्यात दुसरे घर शोधेल. स्लॅबवर उष्णतारोधक लेप किंवा पत्र्याची शेड असेल तर फरक पडतो, मात्र गच्चीवरच्या शेडला परवानगी आहे का, हेही विचारून घ्यावे. दुसरी फेरी मोठ्या पावसानंतर करावी. १९९२ मध्ये शहराची हद्द वाढली, तेव्हा आलेल्या भागांना आजही लोक ‘हद्दवाढ भाग’ म्हणतात. या भागात ड्रेनेजची जोडणी आहे की सेप्टिक टँक आहे, रस्ता पक्का आहे का आणि जवळच्या नाल्याचे पाणी कुठपर्यंत चढते, हे पावसातच समजते.

दोन फेऱ्यांसाठी सुट्टी नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे अंतर मनात आणावे. पुण्याहून सोलापूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारतही धावते. ३५ लाखांच्या निर्णयासाठी दोन दिवस काढता येत नसतील, तर घर घेतल्यावर ते सांभाळायला वेळ कुठून येणार, हा प्रश्न स्वतःला विचारावा. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस असतात. तेव्हा गाव गड्ड्यात, म्हणजे यात्रेच्या जत्रेत असते आणि एजंट, वकील, मालक कोणीही निवांत भेटत नाही, एवढे ध्यानात ठेवून तारीख ठरवावी.

कागदपत्रे

येथे घाई करणाऱ्याचेच अधिक नुकसान होते, म्हणून हा टप्पा सविस्तर लिहितो. विसार देण्यापूर्वी आपला स्वतःचा वकील नेमावा. विकणाऱ्याचा, बिल्डरचा किंवा एजंटचा वकील कितीही सज्जन असला तरी तो आपला नसतो. बँकेचा वकील बँकेच्या कर्जाची सुरक्षा पाहतो. त्याचा अहवाल उपयोगी असतो, पण पुरेसा नसतो.

सुरुवात जमिनीपासून करावी. जुन्या शहरात प्रॉपर्टी कार्ड आणि हद्दवाढ भागात सातबारा व त्यावरील फेरफार पाहावेत. जमीन बिनशेती झाल्याचा आदेश, मंजूर रेखांकन आणि त्यातील प्लॉटचा क्रमांक एकमेकांशी जुळले पाहिजेत. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली जमीन), देवस्थान इनाम किंवा वतन असा उल्लेख असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन हस्तांतरित करता येत नाही. परवानगीचा मूळ कागद दिसेपर्यंत पुढे जाऊ नये. नागरी जमीन कमाल धारणा कायदा राज्यात २००७ मध्ये रद्द झाला, तरी त्यातील सूट देताना घातलेल्या अटींचे शेरे काही जमिनींवर अजून आढळतात आणि त्यांचा अर्थ वकिलाकडून लेखी घ्यावा.

सोलापुरात गुंठेवारीचे, म्हणजे रेखांकन मंजूर न करता पाडलेले छोटे प्लॉट आणि त्यावरची बैठी घरे मोठ्या संख्येने विकायला येतात. खालच्या मजल्यावर दोन, वर दोन अशा चार खोल्या भाड्याने देता येतील, या विचाराने बाहेरचा माणूस त्यांकडे ओढला जातो. महाराष्ट्र गुंठेवारी अधिनियम २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमितीकरणास पात्र ठरू शकतात. परंतु ‘पात्र’ आणि ‘नियमित झालेले’ यांत मोठा फरक आहे. महापालिकेचे नियमितीकरण प्रमाणपत्र हातात नसेल तर अशा घरावर सहसा बँक कर्ज देत नाही, आणि पुढे विकताना आपल्यालाही तीच अडचण येते. पहिल्याच खरेदीत या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोटरी केलेल्या कागदावर किंवा केवळ कुलमुखत्यारपत्रावर मिळकत घेणे तर कटाक्षाने टाळावे. अशा कागदांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

त्यानंतर इमारत. बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि वापर परवाना, म्हणजेच भोगवटा प्रमाणपत्र, यांच्या प्रती घेऊन महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागात त्या खऱ्या असल्याची खात्री करावी. मंजूर नकाशा घेऊन फ्लॅटमध्ये उभे राहावे आणि बाल्कनी खोलीत घेतली आहे का, पार्किंगमध्ये दुकान झाले आहे का, हे स्वतः पाहावे. मी सोडलेल्या एका व्यवहारात तिसरा मजला नकाशात नव्हता. विकणारा गृहस्थ तेथे अकरा वर्षे राहत होता, कर भरत होता, वीजबिल त्याच्या नावे होते. तरीही तो मजला परवान्याविना होता. मिळकत कराची पावती ही कर भरल्याचा पुरावा असते, बांधकाम कायदेशीर असल्याचा नव्हे.

नव्या प्रकल्पासाठी महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून प्रकल्पाची मुदत, मंजुऱ्या, त्यावरील कर्जाचा बोजा आणि दाखल तक्रारी पाहाव्यात. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास तो त्याने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. येथे सोलापूरची एक अडचण लक्षात घ्यावी. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा ८ पर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना ही नोंदणी बंधनकारक नाही, आणि आपल्याकडे अशी छोटी अपार्टमेंट पुष्कळ आहेत. तेथे ‘रेरा लागू नाही’ हे उत्तर खरे असते, पण त्यामुळे आपली जबाबदारी वाढते आणि वापर परवाना मिळालेली, लोक राहत असलेली इमारतच निवडणे शहाणपणाचे ठरते. तयार घरावर जीएसटी लागत नाही, हा आणखी एक फायदा आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर तो ५ टक्के असतो. ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राच्या घरावर १ टक्का.

पुनर्विक्रीच्या फ्लॅटमध्ये आधीच्या सर्व खरेदीखतांची साखळी, प्रत्येकाचा इंडेक्स २ (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश उतारा), वकिलाचा किमान ३० वर्षांचा शोध अहवाल, सोसायटीचे भागप्रमाणपत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला हवा. मालक वारलेला असेल तर सर्व वारसांच्या सह्या, त्यात विवाहित बहिणींच्याही, लागतात. सोलापूरची अनेक कुटुंबे हैदराबाद, पुणे आणि परदेशातही विखुरलेली आहेत; एक सही राहिली तर व्यवहार वर्षानुवर्षे लोंबकळतो. दैनिक संचारसारख्या स्थानिक वृत्तपत्रात वकिलामार्फत जाहीर नोटीस देऊन पंधरा दिवस थांबावे. घराखालची जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का, हेही विचारावे; झाली नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहकार्याविना जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याचा अर्ज तरी दाखल झालेला असावा. नवी पेठेसारख्या जुन्या भागातील वाडा किंवा जुन्या कुळासह असलेली इमारत स्वस्त मिळाली, तरी दूर राहणाऱ्याने ती घेऊ नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार संरक्षित भाडेकरूचे भाडे वर्षाला केवळ ४ टक्क्यांनी वाढवता येते आणि घर रिकामे करून घेण्यात वर्षे जातात.

किंमत, साठेखत आणि नोंदणी

किंमत बोलण्यापूर्वी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्या भागाचा रेडी रेकनर दर, म्हणजे शासनाने ठरवलेले बाजारमूल्य पाहावे. १ एप्रिल २०२५ पासून सोलापूर महापालिका हद्दीत हा दर सरासरी १०.१७ टक्क्यांनी वाढला आणि त्या वर्षी राज्यातील महापालिका क्षेत्रांत ती वाढ सर्वाधिक होती. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि शासकीय बाजारमूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर लागते. करारातील किंमत शासकीय मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून आणि ५० हजार रुपयांहून अधिक कमी असेल, तर तो फरक खरेदीदाराचे उत्पन्न मानून त्यावर आयकर लागू शकतो. ‘कागदावर कमी दाखवू, बाकीचे रोख द्या’ असा प्रस्ताव आला तर त्याला नकार द्यावा. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास कायद्याने मनाई आहे, आणि उद्या वाद झाल्यास दिलेल्या रोखीचा कोणताही पुरावा आपल्याकडे राहत नाही.

विसार शक्य तितका कमी, बँकेमार्फत आणि अटींसह द्यावा. कागदपत्रे सदोष आढळल्यास किंवा बँकेने मिळकतीच्या कारणावरून कर्ज नाकारल्यास विसार किती दिवसांत परत मिळेल, हे विसार पावतीवर लिहून घ्यावे. माझ्या पावतीवर ही एकच ओळ नव्हती, म्हणून सात महिने गेले. त्यानंतर साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) नोंदवून कर्जप्रक्रिया करावी आणि शेवटी दुय्यम निबंधकासमोर खरेदीखत व्हावे. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या रकमेतून कापायचा आयकर) कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते; विकणारा अनिवासी भारतीय असेल तर नियम वेगळे आणि दर जास्त असतात, तेव्हा सनदी लेखापालाचा सल्ला घेतल्याविना पैसे देऊ नयेत. नोंदणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे, सकाळीच फ्लॅट उघडून पाहावा, मीटरचे आकडे टिपावेत आणि चाव्या, ताबापावती, मूळ कागद एकाच वेळी घ्यावेत.

घर आपले झाल्यावर महापालिकेच्या कर विभागात, महावितरणकडे, सोसायटीत आणि लागू असेल तेथे नगर भूमापन कार्यालयात नाव लावून घेण्याचे काम त्याच महिन्यात उरकावे. भाड्याने दिलेल्या घराची कर आकारणी वेगळी होते का, हेही त्याच फेरीत विचारावे. सोसायटी भाड्याच्या घरासाठी, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल, बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही.

लक्ष ठेवणारा माणूस

बाहेरगावच्या मालकाची खरी कसोटी येथून पुढे सुरू होते. टाकीचा बॉल कॉक बिघडला, पाणी जिन्यातून वाहू लागले आणि पाण्याचा पुढचा वार चार दिवसांनी आहे, अशा वेळी तासाभरात कोणीतरी तेथे पोहोचावे लागते. बहुतेक जण हे काम भाच्याला, मेहुण्याला किंवा शाळासोबत्याला आपुलकीने सांगतात. पहिले सहा महिने ते आनंदाने धावून जातात. नंतर त्यांना संकोच वाटतो, आपल्याला राग येतो आणि नाते उगाच दुखावते. नातेवाईक असला तरी दरमहा ठरावीक मोबदला द्यावा, प्रत्येक फेरीचा खर्च वेगळा द्यावा आणि किती रकमेपर्यंतची दुरुस्ती न विचारता करायची ते ठरवून ठेवावे. माझ्याकडे ही मर्यादा दोन हजार रुपये आहे आणि तिच्यामुळे आमच्यातील बरीच बोलाचाली टळली आहे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि टँकरवाला यांचे क्रमांक भाडेकरूकडेही असावेत.

भाडेकरू आणि करारनामा

भाडेकरूला प्रत्यक्ष भेटावे, निदान पहिल्या वेळी तरी. नोकरीचे ओळखपत्र, आधीच्या घरमालकाचा दूरध्वनी आणि घरात किती माणसे राहणार हे विचारण्यात अवघडल्यासारखे वाटू नये. जात, धर्म किंवा खाण्याच्या सवयी विचारून चांगले भाडेकरू गमावणारे मालक मी पाहिले आहेत. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांच्या या शहरात ते शोभतही नाही. वेळेवर भाडे आणि घराची निगा एवढेच पाहावे.

करार ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा, आणि नोंदणीकृतच असावा. नोंदणी करणे ही मालकाची जबाबदारी आहे. ती न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे; शिवाय वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागवण्याची सवय आपल्याकडे अजून आहे, पण ती दूरच्या मालकाला फार महागात पडू शकते. नोंदणीकृत करार असल्यास मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. खर्चही फारसा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि अनामत रकमेवरील मानीव व्याजाच्या बेरजेवर पाव टक्का, तर नोंदणी फी शहरी भागात १ हजार रुपये असते. ही नोंदणी आधार आणि बोटांच्या ठशांच्या आधारे ऑनलाइन होते, त्यामुळे आपण पुण्यात आणि भाडेकरू सोलापुरात असूनही ती पूर्ण करता येते. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचे कामही त्याच आठवड्यात करावे.

करारात ११ महिन्यांनंतरची वाढ, सोडण्यापूर्वी द्यायची सूचना, टँकरची वर्गणी कोणी भरायची आणि जड पाण्याने खराब झालेले नळ व गिझर कोणी बदलायचे, हे स्पष्ट लिहावे. शेवटच्या दोन मुद्द्यांवरून सोलापुरात मालक आणि भाडेकरू यांच्यात सर्वाधिक कुरबुर होते, असा माझा अनुभव आहे. घर देताना प्रत्येक खोलीचे चित्रीकरण करून ते दोघांकडे ठेवावे.

मिळालेल्या भाड्यातून भरलेला मिळकत कर वजा करून उरलेल्या रकमेवर आयकरात ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि कर्जाचे व्याजही वजा होते. मात्र नव्या करप्रणालीत घराच्या उत्पन्नातील तोटा पगारातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत तो वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत करता येतो. कर्ज मोठे असल्यास कोणती प्रणाली निवडायची, हे मार्चमध्ये नव्हे तर घर घेतानाच लेखापालाला विचारावे.

पहिल्या वर्षात दोनदा स्वतः जाऊन घर पाहावे आणि त्यांपैकी एक फेरी मे महिन्यात असावी. भाडेकरूच्या घरी चहा घेता घेता हौद उघडून पाहावा, गच्चीवर जाऊन टाकीभोवतीची ओल आणि स्लॅबच्या भेगा पाहाव्यात, आणि काही दुरुस्ती लागणार असेल तर पाऊस सुरू होण्यापूर्वी गवंडी ठरवूनच परतीची गाडी पकडावी.